दोनशे अकराने भाग जातो

आमच्या अबेओकुटाच्या कॉलेजातले प्रोफेसर ओयेकान्मी यांनी एक मूळ संख्या शोधली: ५,६०,५२,३६१. एकने आणि स्वतःनेच भाग जाणारी, असा त्यांचा दावा. असल्या संख्येची शहानिशा आता मोबाइलसुद्धा क्षणात करतो, पण मोबाइलवर गणित करणं प्रोफच्या लेखी पाप. दोन वर्षं खडू झिजवून त्यांनी वेगवेगळ्या संख्यांना परीक्षक नेमून तिची एकच जुनी परीक्षा घेतली. दर वेळी पास. झालं!

मग रिवाजाप्रमाणे त्यांच्या मानाच्या व्याख्यानासाठी कापड छापलं. निळ्यावर पांढरी संख्या, मधे प्रोफचा चेहरा. सोयरेधायरे, विद्यार्थी, शिपाई, सगळ्यांनी तेच शिवायचं.

संख्येच्या प्रमाणपत्रावर मात्र दुसऱ्या गणितज्ञाची सही लागते. ती माझी. मी मोरेनिके, तीन वर्षं हंगामी अध्यापिका. मला कायम करण्याचा कागद प्रोफच्याच टेबलावर पडून होता. रात्रभर नको नको म्हणत भागाकार केले, आणि दोनशे अकराने पूर्ण भाग गेला.

सकाळी प्रोफना आमच्या रीतीप्रमाणे गुडघे टेकून नमस्कार केला. "सर, दोनशे अकराने भाग जातो."

"तुला भागायला सांगितलं कोणी?"

"काही संख्या असतात अशा, सर. ती परीक्षा पास होतात, पण मूळ नसतात."

"अगं, कापड छापून झालंय! माझी आई इलेशाहून निघालीय. तू प्रमाणपत्र आण, मी तुझ्या कागदावर सही करतो. जास्त शहाणपणा नको!"

संताप संताप झाला माझा. पण प्रमाणपत्र लिहिलं. बंद पाकिटात नेऊन दिलं, प्रोफनी उघडलंसुद्धा नाही. घरभाड्यासाठी नोकरी टिकवायची असलेलं माणूस खरं लिहील, ही शंकाच त्यांना शिवली नाही. शिंपी दारात उभा होता. त्याला माप देता देता त्यांनी माझ्या कागदावर सही ठोकली.

व्याख्यानाला सभागृह निळंच निळं. कुलगुरूंनी पाकीट फोडून खणखणीत आवाजात वाचलं, "ही संख्या विषम आहे. तिच्या स्वतःच्या विभाजकांना किंवा त्यांच्या पटींना परीक्षक नेमलं नाही, तर बाहेरचा कोणीही परीक्षा घेवो, ती पास होते. तरीही ती मूळ नाही. दोनशे अकरा, चारशे एकवीस आणि सहाशे एकतीस यांनी तिला भाग जातो. फसव्या संख्यांच्या वर्गात ती मोडते."

टाळ्यांचा कडकडाट झाला. ज्यांना काही कळलं नव्हतं त्यांनी जास्तच वाजवल्या.

पहिल्या रांगेत प्रोफची आई, पोटावर लेकाचा छापील चेहरा घेऊन बसलेली. तिने मात्र नीट ऐकलं होतं. "म्हणजे बाहेर सगळीकडे पास, फक्त घरच्यांना विचारू नका?" ती मोठ्याने म्हणाली. "अरे, ही तर तुझ्या बापावर गेलीय!"

आता सगळ्यांना कळलं. शिपाईसुद्धा हसला.

प्रोफ दात खात माझ्याकडे आले. "माझी सही परत दे."

मी रीतसर गुडघे टेकले. "तो कागद रजिस्ट्रारकडे सकाळीच पोचला, सर. तुम्ही माझं प्रमाणपत्र वाचलं नाहीत, त्यांनी तुमच्या सहीचा कागद वाचला."