आधी तिची बाजू

सभागृहात बाकं कमी पडली, तेव्हा लोकांनी उपासनेच्या दालनातली बाकं उचलून आणायला सुरुवात केली. 'शुभवर्तमान आणि विज्ञान' या जाहीर चर्चेची ही तिसरी संध्याकाळ. आधीच्या दोन्ही संध्याकाळी भांडणं झाली होती. दुसऱ्या वेळी तर दंतवैद्य आणि शिंपी एकमेकांच्या अंगावर धावून गेले होते. त्यामुळे आज घरी बसायला कोणी तयार नव्हतं.

तरुण पाळकांनी यावर एक नियम काढला होता. उत्तर देण्याआधी समोरच्याचं म्हणणं आपल्या तोंडाने मांडायचं. समोरचा 'हेच' म्हणेपर्यंत स्वतःचं एक वाक्यही बोलायचं नाही. वेळ पंधरा मिनिटं, मग घंटा.

आजची वक्ती तळ्यांच्या तळाचा गाळ तपासणारी संशोधक होती. ती याच मंडळीत वाढलेली, चर्चचे मुख्य पंच असलेल्या सरांची थोरली मुलगी. सर निवृत्त गणित शिक्षक. गावोगावी उपदेश करत आलेले. पवित्र शास्त्रातल्या पूर्वजांची वयं त्यांनी स्वतः मांडून जगाचं वय काढलं होतं आणि त्या बेरजेत चूक दाखवणारा अजून जन्माला यायचा होता. लेकीने हे काम धरलं, तेव्हापासून घरी आली की बाप-लेकीचं बोलणं 'मीठ सरकव', 'पंखा लाव' एवढ्यावर भागायचं. तिने आजचं निमंत्रण घेतलं ते एकाच कारणासाठी. पंच म्हणून बाबांना अध्यक्षाच्या खुर्चीत बसावं लागेल आणि एकदा तरी ते शेवटपर्यंत ऐकतील.

तिने सोबत तळ्याच्या तळातून उपसलेला गाळाचा खांब आणला होता. उभी चिरलेली लांब नळी आणि तिच्यात काळे-फिकट पट्टे.

"त्या टेबलावर नको हं!" ऑर्गन वाजवणाऱ्या मावशी ओरडल्या. "पवित्र भोजनाचं टेबल आहे ते, बाकांबरोबर आलेलं. चिखल कसला ठेवतेस?"

"मावशी, वाळलेला आहे."

"वाळला तरी चिखलच!"

शेवटी नळी दोन बाकांवर आडवी ठेवली.

तेवढ्यात पाळकांचा फोन वाजला. उत्तर द्यायला येणाऱ्या प्राध्यापकांचा घसा पूर्ण बसला होता. पाळकांनी सभागृहावर नजर फिरवली आणि अख्ख्या सभागृहाने सरांकडे.

"मी?" सर म्हणाले. "मी फक्त अध्यक्ष आहे."

"सर, उठा!" दंतवैद्य म्हणाले. "तुम्ही नाही तर कोण?"

सर उठले. लेकीच्या हातात भाषणाचा कागद होता. तिने तो घडी करून पर्समध्ये टाकला आणि कागदाशिवायच बोलली. पुराच्या दिवसांत जाड फिकट गाळ बसतो, शांत दिवसांत बारीक काळा. एक फिकट, एक काळा, म्हणजे एक वर्ष. मोजत खाली गेलं, तर असे पट्टे सरांच्या बेरजेतल्या वर्षांहून कितीतरी जास्त भरतात.

सर पुढे आले. "माझी मुलगी म्हणते की देव नाही."

"मी असं म्हटलंच नाही, बाबा."

हशा पिकला. सरांनी घसा साफ केला. "ती म्हणते, पवित्र शास्त्र खोटं आहे."

"तेही नाही."

"मग काय म्हणतेस?"

"मी म्हटलं ते. ऐकलंत का?"

मागे कोणीतरी शीळ घातली. सरांचे कान लाल झाले. आता हे उठून जाणार, असं तिला वाटलं. सरांनी खिशातून चष्मा काढला आणि ते नळीवर वाकले. बराच वेळ वाकलेलेच राहिले.

"हे वर्षच कशावरून? दोनदा पूर आला तर?"

"म्हणून ताळा घेतो. डोंगरावर वणवा लागला त्या वर्षाची सरकारी नोंद आहे. वरून तेवढे पट्टे मोजत आलं की नेमका कोळसा सापडतो."

"ताळा जमतो?"

"दर वेळी."

सर ताठ झाले. ताळा हा शब्द त्यांच्या आवडीचा. "ऐका," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज उपदेशाचा झाला. चाळीस वर्षांची सवय. एखादी गोष्ट समजावायला लागले की सर व्यासपीठावरच असत. पूर कसा येतो, गढूळ पाणी कसं निवळतं, कोणी पाहत नसताना तळ्याच्या अंधारात एकेक वर्ष कसं अलगद खाली बसतं, कोणी खोडत नाही, कोणी वाढवत नाही. "आणि वणवा लागला, तर तोही तिथे लिहिलेला! ताळा चुकत नाही!" त्यांनी हात वर केला.

"आमेन!" सगळं सभागृह एका आवाजात म्हणालं.

मग मावशींनी स्वतःच्या तोंडावर हात ठेवला आणि हशाचा असा लोट उठला, की घंटा कोणालाच ऐकू आली नाही.

"हेच," लेक म्हणाली. तिचे डोळे भरले होते आणि ती हसत होती. "याहून चांगलं मलाही जमलं नसतं."

"सर, वेळ संपली," पाळक ओशाळून म्हणाले.

"संपली कशी? माझं म्हणणं राहिलं की!"

"तुम्ही सगळा वेळ तिचंच मांडलंत."

"आता ताईने सरांचं मांडायचं," शिंपी उठून म्हणाला. "पण सर बोललेच नाहीत!"

"राहू द्या," लेक म्हणाली. "लहानपणापासून ऐकतेय. बाबांचं म्हणणं, पूर्वजांच्या वयांची बेरीज अचूक आहे."

"नाही," सर म्हणाले.

"पहिला माणूस खरा नसेल, तर त्याचं पापात पडणं खरं नाही. मग उचलायला कोणी यायची गरजच काय?"

"जवळ आलीस. पण हेच नाही."

ती थांबली. समोर सर चष्मा हातात धरून उभे होते. तिने आवाज खाली आणला. "पुस्तकाचं पहिलं पान चुकीचं निघालं, तर शेवटच्या पानावर भरवसा कसा ठेवायचा? आणि शेवटच्या पानावर आई आहे. ती पुन्हा भेटणार आहे."

सरांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला.

"हेच," ते म्हणाले.

"ताई, आता उत्तर," पाळकांनी आठवण केली.

"याचं उत्तर या नळीत नाही, बाबा. मला विचार करावा लागेल."

"कर. मलाही करावा लागेल." सर बाकाजवळ गुडघ्यावर बसले. "तोवर हे सांग. तुझी आई गेली ते वर्ष यात कुठे आहे?"

तीही शेजारी बसली. नळीच्या अगदी वरच्या टोकाजवळ तिने नख टेकवलं. "इथे. फिकट पट्टा जाड आहे बघा."

"त्या वर्षी पूर आला होता."

"हो. म्हणूनच."

"आणि हा मधला काळा, तो एवढा बारीक का?"

ती सांगू लागली. दंतवैद्य उठले, त्यांच्यामागे शिंपी उठला, मग रांगाच्या रांगा पुढे सरकल्या.

"अहो सर, डोकं बाजूला घ्या!" मावशी बाकावर चढून ओरडल्या. "मागच्यांना काही दिसत नाहीये!"