ढाबळीपर्यंतचं वाय-फाय

शर्यतीच्या शनिवारी ओडिल हागेमानच्या घरी सूप शिजतं. उशिरा परतलेल्या कबुतरांचं. हा काही त्याचा शोध नाही. आमच्या बेल्जियममध्ये, ओडेनार्डच्या बाजूला जो तो कबुतरवाला हेच करतो. दाणा महाग, ढाबळीत जागा मोजकी, आणि मंद कबुतराची पिल्लंही मंदच निघतात. फरक एवढाच, की बाकीचे लोक मान मुरगाळताना पाठ फिरवतात आणि पटकन उरकतात. ओडिल ते निवांत करतो, आणि करता करता तुमच्याशी हवेबद्दल बोलतो.

माझी थोरली बहीण जोझिएन त्याची बायको. तिने त्याच्या हाताखाली संसार केला आणि साठीच्या आत मेली. मी कोपऱ्यावरचा कॅफे चालवते. आमच्या कबुतर मंडळाचं कार्यालय म्हणजे माझीच मागची खोली. कबुतरं दूरगावी नेऊन सोडायच्या टोपल्या तिथून निघतात आणि शर्यत झाली की सगळ्यांची घड्याळं तिथेच वाचली जातात. त्यामुळे कोणाचं कबुतर कितवं आलं आणि कोणाची बायको कितव्यांदा आईकडे गेली, हे दोन्ही मला न विचारता कळतं.

या वसंतात ओडिल ढाबळीच्या शिडीवरून पडला आणि त्याचा खुबा मोडला. डॉक्टरांनी आत सळई घातली, बागेत जायला बंदी केली. पठ्ठ्याने स्वयंपाकघरात खुर्ची मांडून घेतली, पुढ्यात टॅबलेट ठेवला. कबुतराच्या पायात चिपचं कडं असतं. पाखरू फळीवर उतरलं की ढाबळीतलं घड्याळ वेळ टिपतं आणि नेटवरून कळवतं. टॅबलेट टिंग करतो, नाव उमटतं. घरबसल्या शर्यत.

फक्त नेट तिथवर पोचत नव्हतं. राउटर पुढच्या दारापाशी, ढाबळ बागेच्या टोकाला. मध्ये विटांच्या दोन भिंती, व्हरांड्याची नवी काच आणि ढाबळीचं पत्र्याचं छप्पर. मेमधल्या पहिल्याच शर्यतीला टॅबलेट दुपारभर मुका बसला, आणि मग एकदम सगळी नावं उलटीसुलटी ओतली. ओडिलने पडद्यावरचा क्रम खरा धरला. शेवटची तीन नावं जावयाला, वान्नेसला, वाचून दाखवली. वान्नेस बागेत गेला आणि तीन माना मुरगाळून आला. खुबा मोडल्यापासून हे काम त्याच्याकडे आलं होतं. दर खेपेला परत आला की तो साबण लावून कोपरापर्यंत हात धुवायचा.

संध्याकाळी माझ्याकडे घड्याळ वाचलं तेव्हा कळलं, त्या तिघांतला निळा नर ओडिलच्या ढाबळीत पहिला आला होता. साऱ्या मंडळात दुसरा.

"दुसरा," वान्नेस म्हणाला. "आणि आता पातेल्यात."

त्याला कोणी बोलायला सांगितलं नव्हतं. ओडिलची कुबडी आडवी आली आणि वान्नेसच्या तोंडावर बसली. अर्धा दात माझ्या बिलियर्डच्या टेबलावर जाऊन पडला. हिरव्या कापडावरचं रक्त निघत नाही, थंड पाण्यानेही नाही. मी घासून पाहिलं.

"नेट बदला," ओडिल जाताना म्हणाला. "दीडशे युरो. वर एक सेंट गेला तर ज्याने घालवला त्याच्या हाडांतून काढीन."

आता अ‍ॅनेलोरचं सांगायला हवं. ओडिलची एकुलती एक, माझी भाची. बापाचाच जबडा, बापाचेच खांदे, आणि तोवर आईची गप्प बसायची सवय. ढाबळीत तिची एक करडी मादी होती. ससाण्याने आई उचलली तेव्हा पिल्लू चार दिवसांचं होतं, अ‍ॅनेलोरने ते चिमटीने भरवून जगवलं. ओडिलला करडीचा राग होता. पाखराने माणसाच्या खांद्यावर बसायचं नसतं, असं त्याचं मत. त्यात करडी नेहमी मागून यायची. मेच्या त्या शनिवारी शेवटून चौथी होती, एका जागेने वाचली. फ्रान्समधल्या बूर्जहून सुटणारी शर्यत पुढे होती. ओडिलने तेव्हाच सांगून टाकलं, "बूर्जच्या शर्यतीला नऊ सोडतोय. पहिल्या पाचात आली तर जगेल. नाहीतर तूच कांदा चिर."

"ती लवकर येते, बाबा. नेट उशिरा सांगतं," अ‍ॅनेलोर म्हणाली. निळ्या नराचं ताजं उदाहरण होतंच. तिने ते धरून ठेवलं.

तुम्ही म्हणाल, द्यायचं पाखरू कोणाला तरी. दिलं होतं. गेल्या वर्षी एक तांबडा नर तिने समुद्राकाठच्या मैत्रिणीकडे गुपचूप पोचवला. तो पिंजऱ्याच्या फटीतून निसटला आणि दुसऱ्या दिवशी बापाच्या फळीवर हजर. घड्याळ वाजलं, ओडिल उठला, संपलं. शर्यतीचं कबुतर लपवता येत नाही, ते स्वतःच घरी येऊन पत्ता सांगतं. करडी वाचायची तर त्याच ढाबळीत, त्याच बापासमोर वाचायला हवी होती. म्हणून वाय-फाय निवडायचं काम अ‍ॅनेलोरने मागून घेतलं.

मी त्या रविवारी दूधभाताची गोड टार्ट घेऊन गेले होते. टेबलावर कॉफी, सुपरमार्केटचं पत्रक, आणि वान्नेसचा सुजलेला ओठ.

"हे बघ," ओडिलने पत्रकावर बोट आपटलं. "वाय-फायचे तीन डबे. ऐंशी युरो. विषय संपला."

"याच्या पहिल्याच डब्याला केबलचं भोक आहे," अ‍ॅनेलोर म्हणाली. "बाकी दोन बिनभोकाचे. ढाबळीतल्या घड्याळाला केबल लागते, ती काय तुमच्या कानात लावू?"

ओडिलने कप उचलला. मला वाटलं फेकतोय, पण प्यायला.

वान्नेसला दुसराच संच हवा होता. दोनच डबे, पण तेजतर्रार, काळे चकचकीत, डब्यांचं आपसातलं बोलणं चालायला म्हणे लहरींचा वेगळा पट्टा. माळ्यावर बसून तो रात्री कोणाकोणाशी लढाया खेळतो, त्यासाठी. "वेग बघ ना, अ‍ॅनेलोर. तिप्पट वेग."

"कबुतरांना सिनेमा बघायचाय?"

"पुढचा विचार करायचा असतो."

"घड्याळातून एका पाखराची एक ओळ जाते. एक ओळ, वान्नेस. तिला वेग नको, तिला पोचायचंय. दोन डबे कितीही दांडगे असले तरी एक घरात, एक ढाबळीत. मध्ये ती काच. काचेवर उन्हासाठी धातूचा पापुद्रा चढवलाय, तूच चढवून घेतलास. मी मोबाईल घेऊन फिरले. व्हरांड्यात उभं राहिलं की सिग्नल मरतो, धुण्याच्या खोलीच्या खिडकीत परत जिवंत होतो. म्हणजे एक डबा दारापाशी, एक धुण्याच्या खोलीत, एक ढाबळीत. हातोहात माल पुढे द्यायचा. साधे, मागच्या पिढीतले तीन डबे, प्रत्येकाला दोन भोकं. एकशे वीस."

"मागच्या पिढीतले," वान्नेस तुटक्या दातातून म्हणाला. "लोक हसतील."

"तुझ्याकडे बघून आत्ताच हसतात."

तो ताडकन उठला. तिच्या दंडाला धरून त्याने तिला भिंतीकडे ढकललं, तशी कपाटातली बशी खाली आली. ओडिल मजेत बघत होता. घरात दुसऱ्या कोणी मारामारी केली की त्याला माणसांत असल्यासारखं वाटतं. अ‍ॅनेलोरने दंड सोडवून घेतला आणि वान्नेसच्या सुजलेल्या ओठावर एकच चापट मारली. नेमकी तिथेच. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तो खाली बसला.

"मागव," ओडिल म्हणाला. लेकीकडे त्याने जरा वेळ निरखून पाहिलं, बाजारात नवं पाखरू पाहतात तसं. "पण हे तू निवडतेयस. नंतर नेटच्या नावाने रडायचं नाही."

"नाही रडणार."

डबे आले. तिने स्वतः लावले. ढाबळीतला डबा पत्र्याखाली नाही, तर बागेकडच्या झडपेपाशी ठेवला, म्हणजे धुण्याच्या खोलीची खिडकी त्याला समोर दिसेल. मग एका पाखराला फळीवर उभं केलं. स्वयंपाकघरात टिंग. दुसरं उभं केलं, पुन्हा टिंग. पाऊस पडताना केलं, कपडे धुवायचं यंत्र चालू असताना केलं. कुठे एका क्षणाचा उशीर नाही. एवढ्या पैशांत एवढं नेमकं काम करणारी वस्तू मी आयुष्यात दुसरी पाहिली नाही, नवराही त्यात धरून. अ‍ॅनेलोर आनंदात होती. करडीवर होणारा अन्याय तिने एकशे वीस युरोत मिटवला होता.

बूर्जच्या शनिवारी कॅफे मदतनीस बाईवर सोपवून मी तिकडे गेले. हवा स्वच्छ, वारा पाठीवर. जेवणं उरकता उरकता टॅबलेट वाजला. पहिलं नाव, लगेच दुसरं. खिडकीतून ढाबळीची फळी दिसत होती. पाखरू टेकायचं आणि त्याच क्षणी टेबलावर टिंग व्हायचं. तिसरं, चौथं. अ‍ॅनेलोर खिडकीला नाक लावून उभी. मग एक ठिपका दिसला, खाली आला, फळीवर उतरला. चॉकलेटी नर. पाचवा. मग सहावा.

करडी त्यानंतर आली. छपरावर बसली, पिसं नीट केली, इकडेतिकडे पाहिलं आणि मग फळीवर उतरली.

टिंग.

"सातवी," ओडिल म्हणाला.

"नेट अडकलं असेल," अ‍ॅनेलोर म्हणाली. तिचा आवाज तिला स्वतःलाच पटला नाही.

"कुठे अडकलं? तू खिडकीत, मी टेबलाशी. एकदम पाहिलं, एकदम ऐकलं. तुझंच नेट, पोरी. छान निवडलंस. मला आयुष्यात कोणी इतकी खरी बातमी दिली नव्हती." तो खरंच खूश होता. वाईट संच घेतला असता तर शंकेला जागा राहिली असती, आणि शंकेत एक पाखरू सहज मावतं. चांगला घेऊन तिने ती जागा स्वतःच्या हाताने बुजवली. "जावई, जा."

वान्नेस उठला आणि बागेचं दार उघडलं. अ‍ॅनेलोर त्याच्या पुढून निघून ढाबळीशी जाऊन उभी राहिली.

"बाजूला हो," वान्नेस म्हणाला.

"ये की. दुसरा अर्धाही पाडते."

वान्नेस मागे वळला. सासऱ्याकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं, आणि दोन्ही हात खिशात घातले. आयुष्यात त्याने केलेला हा एकच शहाणपणा माझ्या लक्षात आहे.

मग ओडिल स्वतः उठला. दोन कुबड्यांवर, डॉक्टरांना शिव्या देत, व्हरांड्यातून बागेत. मी "भावोजी, बसा" म्हणाले. त्याने मला भिंतीवरच्या कॅलेंडरएवढी किंमत दिली. ढाबळीशी पोचला आणि एक कुबडी उचलून लेकीच्या खांद्यावर हाणली. दुसरा वार कानावर बसला. कानामागून रक्त तिच्या मानेवर उतरलं. ती हलली नाही. ओडिलने कुबडी खाली टाकली, तिच्या काखेखालून हात घालून झडप उघडली आणि करडीला पकडलं. माणसाळलेलं पाखरू, ते कशाला पळतंय. उलट त्याच्या मुठीत मान वळवून अ‍ॅनेलोरकडे बघत राहिलं.

तिने जमिनीवरची कुबडी उचलली. दोन्ही हातांनी धरली, लाकूड फोडतात तशी, आणि बापाच्या मनगटावर घातली. हाड मोडल्याचा आवाज मला व्हरांड्यात ऐकू आला. मूठ उघडली, करडी उडून छपरावर गेली. ओडिल गुडघ्यावर कोसळला. अ‍ॅनेलोरने कुबडी पुन्हा उचलली आणि त्याच हाताच्या बोटांवर मारली, मग पुन्हा एकदा. घाई नव्हती, राग दिसत नव्हता. बाप ओरडत होता, आणि ती त्याला समजावल्यासारखं बोलत होती.

"सातवी आली, मान्य. खोटं नाही बोलणार. आठवी येईल, नववी येईल. येईल तेव्हा येईल. कळलं का, बाबा?"

"वेडी झालीस तू."

तिने कुबडी वर केली.

"कळलं," ओडिल म्हणाला.

मी रुग्णवाहिका बोलावली. मधल्या वेळात वान्नेसने सासऱ्याच्या डोक्याखाली उशी दिली आणि बायकोच्या कानाला टॉवेल लावला. दोन्ही कामं त्याने सारख्याच घाबरलेल्या चेहऱ्याने केली. करडी सगळा वेळ छपरावर पिसं साफ करत होती. तिच्यासाठी कोणी काय मोडलं, याच्याशी तिला देणंघेणं नव्हतं.

ओडिलने इस्पितळात सांगितलं, पुन्हा पडलो. मंडळात सांगितलं, शिडी निसटली. आमच्याकडे लोक असल्या गोष्टींवर मान डोलावतात आणि पुढची बिअर मागवतात. माझ्या कॅफेत तो डाव्या हाताने ग्लास धरायला शिकला. उजव्याची दोन बोटं आता वळत नाहीत.

तीन शनिवारांनी पुन्हा शर्यत होती. मी गेले. ओडिल खुर्चीत, हात प्लास्टरमध्ये, पुढ्यात टॅबलेट. अ‍ॅनेलोर पाठमोरी बटाटे सोलत होती. नावं उमटत गेली. पाचवं आलं, सहावं, सातवं. मग कितीतरी वेळ काही नाही. वान्नेस उगाच टेबल पुसू लागला.

टिंग.

"करडी," ओडिल म्हणाला.

"कितवी?" अ‍ॅनेलोरने विचारलं. सुरी थांबली होती, पण ती वळली नाही.

ओडिलने पडद्याकडे पाहिलं. आकडा तिथे स्वच्छ दिसत होता, मलाही दिसत होता. त्याने डाव्या हाताने टॅबलेट पालथा घातला.

"आली," तो म्हणाला. "कॉफी दे."

"किटली तिथे आहे."

तो खुबा सावरत उठला, डाव्या हाताने कॉफी ओतून घेतली. निम्मी बशीत सांडली.