नव्या लायनरला तेलाचं बोट

रुद्रेशनं आमच्या जुन्या पिकअपच्या मागच्या चाकांना ब्रेकचे नवे लायनर बसवले. दुपारी त्याच्या बायकोला, गायत्रीला, लोहाऱ्याला दवाखान्यात न्यायचं होतं. तिला आठवा महिना. पण गल्लीत गाडी फिरवली, तर डाव्या चाकाचा ब्रेकच लागेना. त्यानं ब्रेकचा ड्रम परत खोलला.

"आई, माझं डोकंच चालंना. ब्रेकचा सिलेंडर गळत न्हाय, अन् लायनर तेलकट! दुकानातनंच तसे आले का काय? पुसून बसवतो."

सकाळी पूजा झाल्यावर मीच त्यातल्या दोन लायनरांना तेल लावलं होतं. घरात नवं लोखंड आलं की आम्ही लावतोच. पूजेच्या तेलानं वाईट कसं होईल, हे मला काही केल्या कळेना. पण गायत्री त्याच गाडीत बसणार होती.

"पुसून निघायचं न्हाय बाबा," मी म्हणाले. "म्या लावलंय. चांगलं मुरवलंय."

त्यानं हातातलं फडकं खाली ठेवलं. "लोणचंय व्हय गं ते?"

गायत्री दुसऱ्याच्या जीपनं गेली. रुद्रेश नवे लायनर आणायला निघाला.

"त्यांना काहीच लावायचं न्हाय?" मी विचारलं.

"विभूती लाव की. पण बॉनेटला!"