गप्प केलेली बीप

मशीनखोलीच्या काचेला नाक लावून अर्धं रुग्णालय उभं होतं. नोंदणीचे कारकून, औषधविभागातल्या दोघी, प्रयोगशाळेतला चष्मेवाला आणि सगळ्यांच्या मागे हात बांधून मोठे डॉक्टर. आत दिवे मालवलेले. बरोबर सात मिनिटांनी दार उघडलं आणि संथ यंत्रांना वेग आणायला बाहेरून बोलावलेले वेगगुरू बाहेर आले. हे नाव त्यांनी स्वतःच ठेवून घेतलं होतं आणि व्हिजिटिंग कार्डावर छापलंही होतं.

"आता बघा," ते म्हणाले.

चष्मेवाल्याने एका रुग्णाची नोंद भरली. कालपर्यंत 'जतन करा' दाबून माणूस चहा पिऊन येत असे. आज बोट उचलायच्या आत हिरवी खूण उमटली. कुणीतरी टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनीच वाजवल्या.

"नेमकं केलंत काय?" यंत्रवालीने विचारलं. मशीनखोलीची किल्ली तिच्याकडे असल्यामुळे तिला सगळे याच नावाने ओळखत. त्या खोलीतल्या एका सर्व्हरच्या पोटात वीस आभासी सर्व्हर चालायचे; नोंदणीचा एक, औषधांचा एक, असे. त्या विसांचंही लिहिणं डिस्कवर पोचवायचं काम एकट्या स्टोरेज अडॅप्टरचं. महिनाभर तो गोगलगाय झाला होता आणि वर सतत बीप वाजवत होता.

"ताई, अडॅप्टर म्हणजे गळा," वेगगुरू म्हणाले. "गळाच आवळलेला, तर सूर कसा निघणार? मी तो आतून मोकळा केला. रांग खोल केली, स्पंदनं जुळवली. हे पुस्तकात सापडत नाही, हातात असावं लागतं."

"आणि बीप?"

"ती त्याची तक्रार होती. आता तक्रारच उरली नाही."

स्पंदनं ऐकून तिच्या कपाळावर आठी पडली खरी. पण मोठे डॉक्टर खूश होते, काम झालं होतं आणि वेगगुरूंना आत शिरायला लॉगिन तिनेच आपल्या नावाने उघडून दिलं होतं. दुभत्या गाईच्या लाथा गोड मानून ती गप्प बसली. याचा तिला पुढे फार पस्तावा झाला.

तीन आठवड्यांनी ते घडलं. यंत्रवालीची धाकटी नणंद त्याच रुग्णालयात सिस्टर होती. दुपारी तिने एका म्हाताऱ्या सुतारकाकांना इन्सुलिन टोचलं, नोंद केली, हिरवी खूण पाहिली आणि त्याच क्षणी वीज गेली. मशीनखोलीची मोठी बॅटरी त्या दिवशी नेमकी दुरुस्तीला गेलेली. जनरेटर सुरू व्हायला बारा सेकंद लागले, तेवढ्यात सगळे सर्व्हर आडवे झाले आणि पुन्हा उठले. पाळी बदलली. नव्या सिस्टरला नोंद दिसली नाही, म्हणून ती सुई घेऊन आली.

"मघाशीच टोचलं की," काका म्हणाले.

"काका, स्क्रीनवर नाही म्हणजे दिलेलं नाही."

दुसऱ्या डोसाने साखर उतरून दोन तासांनी काका बेशुद्ध पडले. डॉक्टरांनी धावपळ करून त्यांना वाचवलं, पण शुद्धीवर यायला दुसरा दिवस उजाडला. कागदी नोंदवह्या कधीच बंद झाल्या होत्या. नोंद केली नाही म्हणून ठपका अर्थातच नणंदेवर आला आणि दोन दिवसांनी चौकशी ठरली. नोकरी जाणार, हे जवळजवळ नक्कीच होतं.

"वहिनी, मी खूण पाहिली गं," ती स्वयंपाकघरात ओट्याला टेकून म्हणाली. "पण दादासुद्धा म्हणतो, विसरली असशील. आता माझं मलाच खरं वाटेनासं झालंय."

यंत्रवाली तिला ओळखून होती. ही पोरगी नळ चालू ठेवून जाते, वर्षाला तीन छत्र्या हरवते, पण रुग्णाची नोंद हिने कधी चुकवलेली नाही. तिने वेगगुरूंना फोन केला. ते हसले. "माझा अडॅप्टर विसरत नाही ताई. विसरतात ती माणसं."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने अडॅप्टरची रोजनिशी उघडली. तो आपल्यापुरता सगळं टिपून ठेवतो आणि ते कुणीही वाचत नाही. जुन्या ओळी ती एकेक करून वाचत गेली. 'अंतर्गत बॅटरी निकामी. खबरदारी म्हणून लिहिण्याचा वेग कमी केला आहे.' बीप त्या दिवसापासूनची. त्यापुढे वेगगुरू आले त्या दिवशीची ओळ: 'बॅटरी नसतानाही जलद लिहा. इशारा: वीज गेल्यास ताज्या नोंदी नष्ट होतील. मान्य? होय.' आणि त्याखाली, 'बीप बंद.' दोन्ही ओळींपुढे नाव तिचं होतं.

तिला भीती वाटली. ही रोजनिशी दुसरं कुणी उघडणार नव्हतं. गप्प बसणं सोपं होतं, आणि एकदा गप्प बसून झालंच होतं.

चौकशीच्या दिवशी तिने बैठकीच्या खोलीत एक जुना सर्व्हर आणून ठेवला. अडॅप्टर त्याच जातीचा, त्याचीही बॅटरी मेलेली, आणि 'जलद लिहा'ला त्यावरही 'होय' दिलेलं. वेगगुरूही साक्षीला आले होते.

"सर, यात काहीही लिहून जतन करा," ती मोठ्या डॉक्टरांना म्हणाली.

डॉक्टरांनी लिहिलं, 'मी येथे हजर आहे.' हिरवी खूण चटकन उमटली. त्याच क्षणी तिने भिंतीतला प्लग उपटला.

सर्व्हर पुन्हा उठायला चार मिनिटं लागली. तेवढ्या वेळात वेगगुरूंनी यंत्राच्या अंतर्मनावर व्याख्यान दिलं. स्क्रीन उघडली. डॉक्टरांनी आपली हजेरी दोनदा शोधली. ती कुठेच नव्हती.

"असं उपटल्यावर कुठलंही यंत्र बिघडणारच," वेगगुरू म्हणाले.

"बरोबर. म्हणून पुन्हा करू." तिने 'जलद लिहा' हे एकच सेटिंग बंद केलं. डॉक्टरांनी तेच वाक्य लिहिलं. या वेळी खूण रेंगाळत आली. ती येताच प्लग उपटला, चार मिनिटं थांबले, आणि वाक्य जागच्या जागी होतं.

डॉक्टरांनी ते दोनदा वाचलं.

"एक कारकून आहे असं समजा," ती म्हणाली. "अर्ज हातात येताच तो 'दाखल' असा शिक्का मारतो, अर्ज टेबलावर ठेवतो आणि फाइलला नंतर लावतो. वाऱ्याने उडू नये म्हणून कागदावर वजन असतं. ते वजन म्हणजे अडॅप्टरमधली छोटी बॅटरी. आपलं वजन गेलं, तेव्हापासून अडॅप्टर आधी फाइलला लावून मग शिक्का मारत होता. हळू, पण खरा. यांनी त्याला वजनाशिवायच आधी शिक्का मारायला लावलं आणि तो ओरडू नये म्हणून त्याचं तोंड बंद केलं. रांग नाही, स्पंदनं नाहीत. अर्ध्या मिनिटाचं काम आहे."

"मग उरलेली साडेसहा मिनिटं?" चष्मेवाल्याने विचारलं. वेगगुरू एकाग्रतेबद्दल काहीतरी पुटपुटले.

"सिस्टरने खूण पाहिली होती. खूणच खोटी होती," यंत्रवाली म्हणाली. "आणि त्या 'होय'पुढे नाव माझं आहे. काय करणार ते न विचारता लॉगिन मी दिलं. शिक्षा द्यायची तर मला द्या."

नणंद सुटली. यंत्रवालीला लेखी ताकीद मिळाली, ती तिने मुकाट्याने घेतली. नवी बॅटरी येईपर्यंत अडॅप्टर पुन्हा गोगलगाय झाला, बीपही परत आली. चौथ्याच दिवशी नोंदणीतला कारकून म्हणाला, "त्या गुरूंनाच बोलवा की पुन्हा. काही म्हणा, वेग होता त्यांच्या हाताला." हे ऐकून ती चिडली नाही, नुसती खचली.

संध्याकाळी ती सुतारकाकांना भेटायला गेली. ते उशीला टेकून बसले होते. "मी सांगत होतो बाई," ते म्हणाले. "दंड उघडून दाखवला. पण त्या नव्या सिस्टरने स्क्रीनकडेच पाहिलं."

दुसऱ्या दिवशी मशीनखोलीच्या दारावर तिने एक कागद चिकटवला. त्यावर साध्या अक्षरात लिहिलं होतं: 'अचानक वेग आला तर तो कुठून आला ते विचारा. उत्तर कळलं नाही तर पुन्हा विचारा. यंत्र ओरडत असेल तर ते काय सांगतंय ते आधी वाचा. आणि रुग्ण "दिलंय" म्हणाला, तर त्याचा दंड बघा.'

नणंद कामावर येताना तिथे थांबली. तिने कागद वाचला, खिशातलं पेन काढलं आणि शेवटच्या ओळीखाली रेघ ओढली.