गॅडोलिनियमची जागा

कविता मॅडमचा फळ्यावर विश्वास नव्हता. संध्याकाळी त्या तलासरीच्या आमच्या वसतिगृहाच्या अंगणात चुन्यानं अणूच्या कक्षांची तीन रिंगणं आखायच्या, मधोमध आधीच भरलेला गाभा, म्हणजे झेनॉन, म्हणून एक धोंडा ठेवायच्या आणि बारावी सायन्सच्या आम्हा मुलींना इलेक्ट्रॉन करायच्या. आतलं रिंगण चौथं, मग पाचवं, बाहेरचं सहावं. सहाव्यात दोघी आधीच उभ्या. पुढच्या प्रत्येक मूलद्रव्याला एक मुलगी वाढायची आणि बहुतेक वेळा थेट आत, चौथ्यात जायची.

"म्हणून ही सगळी बाहेरून सारखीच दिसतात," मॅडम म्हणायच्या. आमच्या युनिफॉर्मसारखी, मी मनात म्हणायचे.

चौथ्या रिंगणातून फाटक दिसत नसे, स्वयंपाकाची शेड आड यायची. पाचव्यातून दिसायचं. आणि आमच्यातल्या तुळशीचा सगळा जीव त्या फाटकात. तिची आई बायजी आठवडी बाजाराहून भाजीची रिकामी पाटी घेऊन याच रस्त्यानं उधव्याकडे परतायची. भेटीच्या रविवारखेरीज वॉचमन कुणाला आत सोडत नसे, म्हणून ती फाटकाशी नुसती घटकाभर थांबायची.

पाचव्यात सुरुवातीला लँथॅनम-सिरियमला एकीला उभं राहता येई, पण ती जागा मॉनिटरनं बळकावलेली. त्यानंतर एकदम गॅडोलिनियमला. चौथ्यात सात जणी झाल्या की ते बरोबर अर्धं भरतं, ती घडी मोडायला नको म्हणून आठवी पाचव्यात थांबते. बाकी केमिस्ट्रीच्या नावानं तुळशीची बोंब होती, पण बाजाराच्या दिवशी रांगेत आठवी लागायला ती कधी चुकली नाही. तिच्यामागे मी.

मला तिचा राग यायचा. माझी आई मी सातवीत असतानाच गेली. फाटकाकडे बघायला मला काही कारणच नव्हतं, आणि आई हवीशी वाटणं काही बारावीत थांबत नाही.

त्या दिवशी तुळशी पाचव्यात जाऊन उभी राहिली. मी शेडच्या भिंतीआड रांगेत. एकाएकी तिचा चेहरा असा फुलला की बायजी आलीय हे न बघताच कळलं.

"टर्बियम," मॅडम म्हणाल्या.

टर्बियमला नववी आत जाते आणि पाचव्यातलीलाही आत ओढून नेते. नववी मी. तुळशीनं माझ्याकडे पाहिलं. मी खाली बसले आणि चपलेचा धड असलेला पट्टा सोडून पुन्हा लावू लागले.

"शितल, टर्बियम तुझ्यासाठी थांबणार नाही."

"पट्टा तुटलाय, मॅडम."

मॅडमची बोलणी खात मी पट्टा लावत राहिले. तुळशीनं फाटकावरून मान वळवली तेव्हा उठले. दोघी चौथ्यात जाऊन शेजारी उभ्या राहिलो.

"आयनं तुलापण हात केला," ती कुजबुजली.

मी भिंतीआड होते. फाटकातून मी दिसणं शक्यच नव्हतं.

"कुठल्या हातानं?" मी विचारलं.