मत नसलेला माणूस

सन १९३७ चा जानेवारी महिना. इतवारी पेठेपलीकडच्या कोष्ट्यांच्या वस्तीत सकाळपासून मागांची खटखट चालली होती. अनुसया ओसरीवर शेजाऱ्यांच्या मागांसाठी सुताच्या कांड्या भरत बसली होती. तिच्या घरचा माग आठ महिन्यांपासून बंद होता. नवऱ्याने, श्रावणने, एका व्यापाऱ्याच्या गोदामातून सुताचे दोन गठ्ठे उचलले, तो पकडला गेला आणि दीड वर्षाच्या सजेवर गेला. चोरी त्याने केली होती. अनुसया ते कुणापासून लपवत नसे. पण तेव्हापासून तिला हळदीकुंकवाचं बोलावणं येईना. ती विहिरीवर आली की बायका बोलता बोलता गप्प होत.

त्या दिवशी गणपतराव मतदारांची यादी घेऊन दारात आले. सदर भागातले एक वकील निवडणुकीला उभे होते, त्यांच्यासाठी ते मतं मागत फिरत होते. घर स्वतःचं म्हणून यादीत श्रावणचं नाव होतं, आणि त्याची बायको म्हणून अनुसयेचंही.

"श्रावण जेलात हाय ना? मंग त्याचं नाव कामाचं नाही," म्हणत त्यांनी पेन्सिलीने रेघ ओढली. "कैद्याले मत नसते, बाई. तुमी मात्र या. बैलबंडी पाठवतो."

दोन दिवसांनी तुरुंगात भेटीची पाळी होती. गजांमागे उभा असलेला श्रावण निम्मा झाला होता. बोलता बोलता त्याला खोकल्याची उबळ येई. अनुसयेने यादीची गोष्ट सांगितली.

"माहं नाव काटलं त काटलं," तो म्हणाला. "पन इथं लय जन हायेत वं. थंडीले एकच घोंगडं. बिमार पडलं त डाक्टर चार रोज फिरकत नाही. तू त्यायले इचार, आमच्यासाठी काय करतीन?"

अनुसयेने गणपतरावांना गाठून विचारलं. ते काही वाईट मनाचे नव्हते. खरं तेच सांगितलं त्यांनी.

"बाई, जेलात मतं नाहीत. जिथं मतं नाहीत, तिथं वकीलसायेब जाऊन काय करतीन?"

फेब्रुवारीत निरोप आला. श्रावण न्यूमोनियाने गेला होता. दीरांनी हातगाडीवरून प्रेत आणलं.

मतदान त्यानंतर पाचव्या दिवशी होतं. सुतकात विधवेने उंबरा ओलांडू नये, असं सासूने बजावलं. अनुसयेने ऐकून घेतलं आणि डोक्यावर पदर ओढून ती चालत निघाली. गणपतरावांची बंडी आली तेव्हा ती घरी नव्हती.

शाळेतल्या मतदान केंद्रावर मनोहरराव नावाचे मास्तर कागद देत होते. तिचं मोकळं कपाळ पाहून ते हळू आवाजात म्हणाले, "बाई, आज नसत्या आल्या तरी चाललं असतं."

"मले एक सांगा, गुरुजी. जेलातले लोक मत कोठी देतात?"

"देत नाहीत."

"त्यायच्यासाठी कोनी मांगलं हाय का?"

"माझ्या ऐकण्यात नाही," ते म्हणाले.

अनुसया कागद घेऊन पेट्यांजवळ गेली; दर उमेदवाराची पेटी वेगळी होती. बराच वेळ ती तिथे उभी राहिली. मागची रांग कुरकुरू लागली. मग परत येऊन तिने तो कागद टेबलावर ठेवला.

"यातल्या एकानंबी जेलाचं नाव काढलं नाही. मंग देऊ कोनाले?"

नियमाप्रमाणे मनोहररावांनी कागद बाद केला. पण ते त्यांच्या मनाला लागून राहिलं. तेरावा उरकल्यावर ते दौत-टाक घेऊन तिच्या दारात आले. कैद्यांनाही मत असावं, असा अर्ज नव्या विधानसभेकडे धाडायचं त्यांनी ठरवलं होतं.

"कुठून सुरू करू, सांगा," ते म्हणाले.

"लिवा, माह्या नवऱ्यानं सूत चोरलं होतं."

मनोहररावांनी टाक खाली ठेवला. "हे लिहायलाच हवं का? लोक एवढंच वाचतील आणि अर्ज बाजूला टाकतील."

"लिवा, गुरुजी," अनुसया म्हणाली. "चांगल्या मानसासाठी त कोनीबी अर्ज करते."