फक्कीतलं कोर्ट

सिल्वासाच्या नव्या कोर्टाचा नकाशा मी काढला होता आणि त्याच्या इतकी प्रेमात होते की कुणी चूक दाखवली तर अंगावर धावून जायचे. साल एक्क्याण्णव. मी पुण्याची रसिका, सव्वीस वर्षांची आर्किटेक्ट. न्यायाधीश, आरोपी आणि लोकांना तीन वेगळी दारं. मधल्या चौकातून वारा, छपरावरचं पाणी टाकीत. त्या दिवशी न्यायाधीशसाहेब बघायला येणार होते. पसंत पडलं नाही तर काम दुसऱ्याकडे जाईल, असं आमच्या ऑफिसच्या रमाकांत सरांनी स्पष्ट सांगितलं होतं.

म्हणून सकाळीच मोकळ्या जागेवर चुन्याच्या फक्कीने खऱ्या मापाच्या खोल्या आखल्या आणि मजुरांना त्यातून चालवलं. सुकदेव गवंडी आरोपी झाला. हात मागे धरून ऐटीत फिरला, साहेबांच्या वाटेत कुठेच आला नाही. मी खूश! मग त्याची बायको चिमाबाई, धुळ्याकडची, साक्षीदार म्हणून लोकांच्या बाकावर बसली. आरोपीचे भाऊ झालेले दोघे तिच्या शेजारी येऊन टेकले.

"ताई, मी याच्या विरोधात बोलनार, आन् याचे भाऊ मांडीला मांडी लावून बसनार?" चिमाबाई म्हणाली. "मग मी काहीच पाह्यलं नाही बा!"

सगळे खो खो हसले. मला आधी राग आला, मग लाज वाटली. खरं सांगायला येणाऱ्या माणसाला मी खोलीच दिली नव्हती.

जागा काढायची कुठून? चौकालगत एकच ऐसपैस, गार खोली होती: साहेबांचं चेंबर.

"त्यांच्या खोलीला हात लावू नकोस," रमाकांत सर दबक्या आवाजात म्हणाले. गाडी फाटकातून आत येत होती. मी मूठभर फक्की घेतली आणि चेंबरच्या मधोमध रेघ ओढली.

साहेब त्या अर्ध्या खोलीत येऊन उभे राहिले. "चेंबर एवढंसंच?"

मी बोलायच्या आत चिमाबाईच पुढे झाली. "बाकीचं साक्षीदाराले दिलं, साहेब. खरं बोलायचं तर आधी बिनघोर बसता यायला पाह्यजे ना."

साहेब रेघ ओलांडून तिच्या बाजूला गेले. सगळीकडे नीट बघितलं.

"वीस वर्षं साक्षी ऐकतोय," ते म्हणाले. "साक्षीदार बाहेर कुठे बसतो, हे कधी विचारलंच नाही."

मग त्यांनी माझ्याकडून फक्की मागून घेतली, खाली वाकले आणि नवी रेघ ओढली, आपल्याच खोलीत आणखी हातभर आत.